कपड्यातली माया

शिवणकामात ‘माया’ म्हणजे शिलाईच्या आत दडवलेले, पुढच्या गरजेसाठी राखून ठेवलेले कापड. कापड मापाबरहुकूम कातरायचे नाही. दोन्ही बाजूंना बोट-दोन बोटे जास्त ठेवायची, शिलाई मात्र मापावर घालायची आणि अंग भरले की ती उसवून कपडा मोठा करायचा, असा तो साधा हिशोब असे. फोंड्याच्या बाजारातल्या ज्या शिंप्याकडे माझे शाळेचे कपडे शिवले जात, त्याच्या हाती कापड देताना आई हटकून एकच सूचना करत असे, ‘माया भरपूर ठेवा, पोर वाढतंय.’ स्कर्टला खाली चार बोटांची मुडप असे आणि ती दर जूनमध्ये थोडी थोडी सोडली जाई. सोडलेल्या मुडपीच्या जागी रंग न उतरलेला गडद पट्टा दिसायचा, तो झाकण्यासाठी आई त्यावर पांढरी नाडी शिवायची. वर्गातल्या निम्म्या मुलींच्या स्कर्टवर अशा नाड्या असत आणि त्या मोजून कोणाचा स्कर्ट किती वर्षांचा आहे हे आम्ही सांगू शकत होतो.

गेली सहा वर्षे मी घरी जुन्या कपड्यांतून नवे कपडे शिवून देण्याचे काम करते आहे. या कामाला आता चक्राकार फॅशन किंवा सर्क्युलर फॅशन असे नाव आहे, त्यावर परिसंवाद होतात आणि पणजीतल्या प्रदर्शनांत त्याचे स्वतंत्र दालनही असते. माझ्याकडे येणाऱ्या बायका मात्र ‘आईची साडी आहे, काही होतंय का बघ’ एवढेच म्हणतात. त्या ‘काही होतंय का’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा माझ्या हातात नसते, हे मला कळायला दोन-तीन वर्षे गेली. जुन्या कपड्यातून पुढे काय निघेल हे तो पहिल्यांदा विणला आणि कातरला गेला त्या दिवशीच जवळजवळ ठरलेले असते. माझे कौशल्य फार तर उरलेल्या फटीत काम करते.

साडीचे उदाहरण घेऊ. कोणतीही जुनी साडी आली की मी ती प्रथम खिडकीत उजेडासमोर धरते. सुती साडी सगळीकडे सारखी झिजत नाही. पावलांशी घासणारी खालची कड आणि बसताना ताण पडतो ती मागची बाजू आधी विरते, तर निऱ्यांच्या आतला भाग पुष्कळदा नव्यासारखा असतो. उजेडात विरलेली जागा जाळीसारखी दिसते. तिथे खडूने खुणा केल्या की साडीचा एक नकाशाच तयार होतो आणि कुर्त्याचे पुढचे-मागचे भाग त्या नकाशातल्या धडधाकट प्रदेशातच बसवावे लागतात. काठ खालच्या घेराला यावा अशी हौस प्रत्येकीला असते. तसे केले की साडीचा उभा धागा अंगाभोवती आडवा फिरतो आणि कापडाचा पडण्याचा ढंग बदलतो. परकराला ते शोभते, अंगालगतच्या कुर्त्याला शोभेलच असे नाही. रेशमी साडीची गोष्ट आणखी नाजूक. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम घडीवरच चिरते आणि एकदा चिरू लागले की शिलाईचा ताण त्याला सोसत नाही. अशा रेशमाला पूर्ण अस्तरावर बसवल्याशिवाय मी आता हात लावत नाही.

हे शहाणपण फुकट आलेले नाही. दुसऱ्याच वर्षी एका बाईंनी आपल्या आजीचे सुती नऊवारी आणून दिले होते आणि त्याचा कुर्ता मी मोठ्या हौसेने शिवला. आजीचे नऊवारी शेकडो धुण्यांतून गेलेले, म्हणजे जेवढे आटायचे तेवढे आटून झालेले. मी त्याला बाजारातून आणलेले कोरे सुती अस्तर पाण्यात न भिजवता लावले. पहिल्याच धुण्यात अस्तर आटले, वरचे कापड आटले नाही आणि कुर्त्याला जागोजागी फुगे आले. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त कुर्ता परत आणून टेबलावर ठेवला. तो सगळा उसवून पुन्हा शिवायला मला तीन दिवस लागले. त्यातला चांगला भाग एवढाच की नऊवारीच्या कापडाला मी सवयीने दीड बोट माया ठेवली होती, म्हणून तो उसवता तरी आला.

तयार कपड्यांच्या बाबतीत ही सोयच राहिलेली नाही. आजच्या कुठल्याही तयार कुर्त्याची किंवा शर्टाची आतली बाजू उलटून पाहावी: ओव्हरलॉक यंत्राने कडा कापत कापतच शिलाई घातलेली असते आणि शिलाईच्या पलीकडे करंगळीच्या निम्म्याने कापड उरलेले असते. कारखान्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण हजारो नगांमागे प्रत्येकी दोन बोटे कापड वाचवले की कित्येक ठाणांची बचत होते. मात्र तो कपडा वाढवता येत नाही, आणि उसवला तर चार दोऱ्यांची ती वीण निघता निघत नाही. कॉलर आणि पट्ट्यांमध्ये इस्त्रीने चिकटवलेले कडक अस्तर असते, ते सोलून काढताना वरचे कापडही बिघडते. एक साधा शर्ट नीट उसवायला मला अडीच ते तीन तास लागतात. तेवढ्या वेळात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाऊन तीनशे रुपयांत नवा शर्ट घेऊन परत येता येते, असे माझा मुलगा मला वरचेवर सांगतो, आणि हिशोब म्हणून तो चुकीचा नाही.

त्यात धाग्यांची भेसळ. भेसळ हा शब्द कठोर वाटेल, पण जुने कापड हाताळणाऱ्याच्या नजरेतून तो अचूक आहे. आपल्याकडे टेरिकॉट आले तेव्हा त्याचे केवढे कौतुक झाले होते. इस्त्री नको, खळ नको, पावसाळ्यात रात्रीतून वाळते. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, त्यामुळे इथे ते कौतुक अधिकच होते. टेरिकॉट म्हणजे पॉलिएस्टर आणि कापूस यांचे मिश्रण. अंगावर असेपर्यंत त्याबद्दल तक्रार नसते. ते टाकायची वेळ आली की मात्र कापसासारखे कुजत नाही आणि पॉलिएस्टरसारखे वितळवून पुन्हा ओढताही येत नाही. अलीकडच्या जीन्समध्ये आणि लेगिंग्जमध्ये तर तिसरा ताणता धागाही असतो. आलेला तुकडा नेमका कशाचा आहे हे ओळखण्यासाठी मी अजून जुनीच परीक्षा करते: कडेचे चार धागे चिमट्यात धरून पेटवायचे. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर आक्रसून त्याचा कडक काळा मणी होतो. टेरिकॉट जळतेही आणि मणीही धरते.

जुन्या कपड्यांचे पुन्हा सूत करणे ही कल्पना नवी नाही. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधील बॅटली या गावी बेंजामिन लॉ याने १८१३ मध्ये लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यात नवी लोकर मिसळून सूत काढण्याची रीत बसवली. त्या मालाला शॉडी म्हणत. आज हाच धंदा हरियाणातील पानिपतमध्ये प्रचंड प्रमाणावर चालतो. जगभरातून आलेले जुने कपडे तिथे रंगांनुसार निवडले जातात, त्यांची बटणे आणि चेन कापून काढली जातात, मग यंत्रात पिंजून त्यांचे सूत कातले जाते. मदतकार्यांत वाटल्या जाणाऱ्या स्वस्त ब्लँकेटांचा मोठा वाटा याच सुताचा असे, आता त्यांची जागा पॉलिएस्टरच्या नव्या ब्लँकेटांनी बऱ्याच अंशी घेतली आहे. या रीतीची मर्यादा यंत्रात नसून धाग्यात आहे. पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, आखूड तंतूंचे सूत कमकुवत निघते, म्हणून त्यात नवा कापूस किंवा पॉलिएस्टर मिसळावेच लागते. शर्टाचा पुन्हा शर्ट होणे त्यामुळे अवघड होते. त्याचे ब्लँकेट होते, मग गादीतले भरण आणि त्यानंतर काही नाही. चक्राकार अर्थव्यवस्थेवर काम करणाऱ्या एलेन मॅकार्थर फाउंडेशन या संस्थेने २०१७ च्या अहवालात म्हटले होते की कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या साहित्यापैकी एक टक्क्याहूनही कमी साहित्य पुन्हा नव्या कपड्यांत परत येते. दुकानातल्या टी-शर्टवर ‘पुनर्वापरित पॉलिएस्टर’ अशी हिरवी चिठ्ठी दिसते तेव्हा ते पॉलिएस्टर जवळजवळ नेहमी पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांपासून आलेले असते, जुन्या कपड्यांपासून नव्हे. ज्या बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकली असती तिचा शर्ट झाला आणि शर्टाचे पुढे काही होणार नाही. याला चक्र म्हणायचे झाले तर ते एकाच फेऱ्यात थांबणारे चक्र आहे.

आपल्या जुन्या वस्त्रांकडे पाहिले की फरक लगेच ध्यानात येतो. साडी, धोतर, पंचा, उपरणे ही सगळी न कातरलेली वस्त्रे. ज्याला कातरच लागलेली नाही त्याची सगळीच माया शाबूत असते. गोव्यातील कुणबी साडी याच जातीची: लाल-पांढऱ्या चौकड्यांची, आखूड, खांद्यावर गाठ मारून नेसायची, शेतात चिखलणी करताना न अडखळणारी. ती जवळजवळ दिसेनाशी झाली असताना गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी तिला हातमागावर पुन्हा विणवून फॅशनच्या मंचावर आणले. कोलवाळ येथील आपल्या घरात गोव्याच्या वेशभूषेचे संग्रहालय उभारण्याचे कामही त्यांनी हाती घेतले होते. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२० मध्ये ते गेले. त्यांच्या कामाची चर्चा होते ती बहुधा वारसा म्हणून. माझ्यासारखीला त्या साडीत दिसते ते एकाच धाग्याचे, पूर्ण आयताचे, कुठेही न जोडलेले कापड, ज्याचे पुढे काहीही करता येते.

आणि पुढे काय होई याचाही क्रम ठरलेला असे. साडी विरली की तिच्या बऱ्या भागाचे परकर, त्याहून मऊ झालेल्या भागाची बाळंतघरात लागणारी दुपटी, झबली आणि कुंच्या, कारण नवजात बाळाच्या अंगाला कोरे कापड लावत नसत. त्यातून उरलेल्याची गोधडी, जिला आमच्याकडे वाकळ म्हणतात. वाकळ फाटली की पायपुसणे आणि शेवटी चुलीला. दारावर भांडी घेऊन येणारी बोहारीण या साखळीतलीच एक कडी होती. रेशमी साडीतली जरीची तार चांदीची असे, ती जाळून चांदी काढून घेणारेही येत. हा सगळा व्यवहार काटकसरीतून आला होता, पर्यावरणाच्या काळजीतून नव्हे, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही.

घाटाच्या पलीकडे, कर्नाटकातील उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यातील यल्लापूर आणि हल्याळ भागातल्या सिद्दी बायका जी कवंदी, म्हणजे तुकड्यांची गोधडी, शिवतात ती पाहिल्यावर मला माझ्या आजीच्या वाकळीचे शिवण अगदीच शिस्तीचे वाटू लागले. सिद्दी हे आफ्रिकी वंशाचे लोक. त्यांच्यातील अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले आणि इथून निसटून जंगलात गेलेले असल्याचे मानले जाते. कवंदीची सुरुवात एका कोपऱ्यातून होते आणि धावदोरा कडेकडेने फिरत फिरत आत मध्याकडे जातो. जुन्या कपड्यांचे तुकडे आधी आखून जोडलेले नसतात; टाका जिथे पोहोचेल तिथे हाताला येईल तो तुकडा बसवला जातो. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची ‘फुले’ लावतात आणि फुलांशिवाय कवंदी उघडी राहते असे त्या मानतात. माझ्या कामात मी ही रीत उचलली ती पिशव्या आणि जाकिटांपुरती. अंगाच्या मापाच्या कपड्याला ती चालत नाही, हे दोन जाकिटे बिघडवल्यावर समजले.

गोव्याच्या हवेचा विचार न करता इथे जुने कपडे साठवताही येत नाहीत. दिवाळीला कपाट उघडले की पावसाळ्यात कोणी काय चुका केल्या ते कळते. खळ घालून ठेवलेल्या साडीला सगळ्यांत आधी बुरशी येते आणि कसरही तिलाच लागते, कारण दोघांचे अन्न खळच असते. म्हणून ठेवणीतली सुती साडी खळ काढून, कोरडी करून ठेवावी. हुक आणि टाचण्यांचे गंज कापड खातात. कृत्रिम चामड्याच्या जाकिटावरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत सुटून पापुद्र्यांनी गळतो आणि त्याचे काहीही करता येत नाही. एकदा मडगावहून एक तरुण आई आपल्या लग्नाचा पांढरा झगा घेऊन आली होती. त्यातून मुलीच्या बाप्तिस्म्याचा झगा हवा होता. वरचे सॅटिन पॉलिएस्टरचे, त्यामुळे ते जसेच्या तसे होते, मात्र आतले अस्तर आणि कंबरेचे इलॅस्टिक पार मरून गेले होते. त्या झग्याने मात्र मला सुखद धक्का दिला. तो गावातल्या शिंप्याने शिवलेला होता आणि बाजूंच्या शिलाईत चांगली दोन बोटे माया होती. मुलीच्या झग्याचे बाह्यांचे फुगे त्या मायेतूनच निघाले.

या सगळ्यानंतर मी नवा कपडा शिवतानाच तो पुढे कोणीतरी उसवणार आहे हे धरून शिवते. खांद्याला आणि बाजूला दीड बोट माया, खाली निदान तीन बोटे मुडप. सुती कापडाला सुती दोरा, कारण पॉलिएस्टरचा दोरा कापडापेक्षा टणक असतो आणि ताण आला की दोरा तुटण्याऐवजी कापड चिरते. तुटलेली शिलाई पुन्हा घालता येते, चिरलेल्या कापडाला ठिगळ लावावे लागते. सुती कपड्यात सगळे सुतीच असले तर पुढे कधी तो पिंजायला गेला तरी निवडणाऱ्याला त्रास नाही. चेनऐवजी शक्य तिथे बंद किंवा बटणे. काखेत एक सुटा चौकोनी तुकडा घालते, म्हणजे सगळ्यांत आधी फाटणारी जागा तेवढीच बदलता येते. कापड कोणते, माप काय, कोणत्या साली शिवले, हे मी आत एका सुती पट्टीवर मार्करने लिहून ठेवते. गिऱ्हाइकांना ती पट्टी विनोदी वाटते. एकीने तर ती कापून टाकली.

यात पैसे सुटतात का, हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारते. उसवण्याचे तास मोजले तर सुटत नाहीत. जुन्या कपड्याला नव्यापेक्षा जास्त शिलाई द्यायची ही गोष्ट लोकांच्या पचनी पडत नाही, आणि त्यांचा दोष काढण्यात मला रस नाही. कापड, कातरणी आणि शिलाई इतकी स्वस्त करून ठेवली आहे की दुरुस्ती महाग दिसणारच. युरोपीय संघातील देशांना २०२५ पासून जुने कापड इतर कचऱ्यापासून वेगळे गोळा करणे बंधनकारक झाले आहे. इथे आमच्या वाड्यावर कोरडा कचरा उचलणाऱ्या गाडीत प्लास्टिकच्या पिशव्यांबरोबर ओले टी-शर्ट जाताना मी पाहते. एकदा भिजून मळले की त्यांचा कोणालाच उपयोग नाही. वेगळे गोळा करून ठेवणे गोव्याएवढ्या छोट्या राज्याला जड जाऊ नये. मात्र गोळा झालेल्या ढिगात टेरिकॉट आणि ओव्हरलॉकच असेल तर निवडायला बसणाऱ्या बायकांच्या हाती फारसे काही लागणार नाही, असा माझा अंदाज आहे.

सध्या माझ्या टेबलावर पेडण्याच्या बाजूच्या एका नाटकमंडळींचा राजाचा अंगरखा आहे. तुळशीचे लग्न झाले की जत्रा सुरू होतात आणि गावोगावी मराठी नाटके उभी राहतात, त्यामुळे ड्रेपरीचे, म्हणजे नाटकातल्या पोशाखांचे, काम या दिवसांत निघतेच. हा अंगरखा मुळात कोणाच्या तरी लग्नातल्या जरीच्या शालूतून शिवलेला आहे, हे गळ्याजवळ आत वळवलेल्या काठावरून कळते. यंदाचा राजा गेल्या वर्षीच्या राजापेक्षा बराच रुंद आहे. काल रात्री बाजूची शिलाई उसवली, तेव्हा आतल्या कापडावर सुईच्या भोकांच्या चार समांतर ओळी दिसल्या; चार नटांच्या चार कंबरा. पाचवी ओळ मी उद्या घालीन. त्यानंतरही शिलाईच्या आत बोटभर कापड उरते आहे.